169999 वर थांबलेलं मीटर: एका जुन्या 240डी च्या दुरुस्तीच्या नोंदी

6 जानेवारी 2024, शनिवार

आज मीटरचं काम एकदाचं हातात घेतलं.

गाडी मामांची. मर्सिडीज 240डी, 1983 ची, जाणकार जिला डब्ल्यू 123 म्हणून ओळखतात ती. मामा नैरोबीला नोकरीला होते. 1986 मध्ये कायमचे परत आले तेव्हा मोंबासाहून बोटीने गाडी मुंबईला उतरवली आणि कस्टमची ड्युटी भरताना घरातलं होतं नव्हतं ते सगळं निघालं, असं मामी अजून सांगतात. केनियातही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे आणि मीटर किलोमीटरमध्ये. 2019 पासून गाडी माझ्याकडे पुण्यात आहे.

दोष असा. वेगाचा काटा व्यवस्थित चालतो, पण किलोमीटरचे आकडे 2003 पासून हललेले नाहीत. 169999 वर अडकलेत. आज टॉर्च मारून नीट बघितलं तर शेवटचा 9 पूर्ण 9 नाही. तो अर्धा वर सरकलाय आणि त्याच्याखालून शून्याचं डोकं दिसतंय. नुसता तोच नाही, त्याच्या डावीकडचे तिन्ही 9 आणि त्यापलीकडचा 6 हेसुद्धा तेवढेच उचललेले आहेत. म्हणजे पाच चाकं एकदम फिरायला निघाली आणि वाटेतच थबकली. वरच्या ट्रिपचे आकडेही (एका फेरीचे किलोमीटर मोजणारे, कळ दाबून शून्यावर येणारे) तेव्हापासूनच बंद.

या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे भाग, नाहीत. व्हॉल्व्हमधली फट ठरावीक किलोमीटरला हाताने तपासावी लागते. ऑइलचंही तेच. मी चार वर्षं हे सगळं कॅलेंडर बघून करतोय आणि ते मनाला पटत नाही. गाडी वर्षात दोन हजार चालली की दोनशे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तिची निगा राखतो असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

दुसरं कारण मामांची डायरी. त्याबद्दल पुढे लिहीन.

7 जानेवारी, रविवार

कन्सोल बाहेर काढला. दिवसभर लागला, कारण घाई करायची नाही असं ठरवूनच बसलो होतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. या गाडीचा मीटरचा कन्सोल स्क्रूने धरलेला नाही, तो नुसता डॅशबोर्डमध्ये घट्ट बसवलेला असतो. कपड्याच्या हँगरच्या तारेचे दोन आकडे वाकवून केले, टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळली, दोन्ही बाजूंनी कडेच्या फटीतून आत सरकवून फिरवले आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं थोडं थोडं ओढलं. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे. एका बाजूने जोर लावला तर कान तुटणारच.

बोटभर बाहेर आल्यावर मागे हात जातो. तिथे तीन गोष्टी आहेत: वेगाची केबल (गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी फिरती तार, तिचा नट हाताने सुटतो), वायरिंगचे प्लग आणि ऑइल प्रेशरची बारीक नळी. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी नळीचं नीट वाचा. हे मीटर विजेवर चालत नाही. इंजिनातलं ऑइलच त्या काडीएवढ्या प्लास्टिकच्या नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं. नट सोडवताना मागचा भाग दुसऱ्या पान्याने धरला नाही तर नळी पिळवटते. खाली जुनं फडकं आधीच ठेवावं. मी ठेवलं होतं, तरी चार थेंब कार्पेटवर गेलेच.

प्लगांना कागदी पट्ट्या लावून नंबर दिले, फोटो काढले. मीटर टेबलावर आलं. मधली मोठी तबकडी वेगाची, डावीकडच्या गोलात डिझेल, तापमान आणि ऑइल प्रेशर, उजवीकडे घड्याळ. तबकडीवर मीटर बनवणाऱ्या व्हीडीओ कंपनीचं नाव आहे. फेराइनिग्टे डॉयटा-ओटा या जर्मन नावाची ती आद्याक्षरं, हे मला मामांनीच लहानपणी सांगितलं होतं. चित्रांच्या व्हिडिओशी त्याचा काही संबंध नाही, हेही तेव्हाच कळलं.

9 जानेवारी, मंगळवार

ऑफिसनंतर तासभर बसलो. फक्त निदान.

काटा चालतो आणि आकडे चालत नाहीत यावरूनच केबल चांगली आहे हे कळतं. केबल एकच, पण आत गेल्यावर ती दोन कामं करते आणि त्या कामांच्या रीती अगदी वेगळ्या आहेत. पहिलं काम वेग दाखवण्याचं. केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि दोघांमध्ये कुठेही स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात, ते वाटीला ओढत नेतात, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि त्या रस्सीखेचीत काटा जिथे ठरतो तो वेग. ऑटो शुल्झे नावाच्या माणसाने 1902 मध्ये बर्लिनला याचं पेटंट घेतलं. झिजायला फारसं काही नाही, म्हणून असे काटे पन्नास-पन्नास वर्षं चालतात.

दुसरं काम मोजण्याचं. तिथे सगळा दातांचा कारभार. त्याच फिरत्या दांड्यावर वर्मचे आटे, त्यांच्यात अडकलेला गिअर, त्यापुढे आणखी गिअर, आणि शेवटी आकड्यांची चाकं ज्या शाफ्टवर ओवलेली आहेत त्याच्या टोकाला दाबून बसवलेला एक छोटा जस्ताच्या ओतीव धातूचा गिअर. शाफ्ट पोलादाचा, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडा जाड.

या जातीच्या मीटरांत नेमका हाच गिअर दगा देतो. ओतीव जस्त वर्षानुवर्षांत किंचित फुगतं आणि त्याची शाफ्टवरची पकड सुटते. मग गिअर फिरतो आणि शाफ्ट जागचा हलत नाही. माझ्याकडेही तेच झालंय का हे बघायला बारीक मार्करने गिअरच्या तोंडावर आणि शाफ्टच्या टोकावर मिळून एक सरळ रेघ ओढली. मग मागचं चौकोनी टोक चिमट्याने हळूहळू फिरवलं. डोळ्याला भिंग. दहा-बारा फेऱ्यांनंतर रेघ मध्ये तुटली. गिअरवरची अर्धी पुढे गेली, शाफ्टवरची अर्धी जागच्या जागी.

निदान झालं.

13 जानेवारी, शनिवार

पहिला प्रयत्न.

इथे दोन शाळा आहेत. एक म्हणते काटा उपसा, तबकडी काढा, सगळं सुटं करा, स्वच्छ करा. दुसरी म्हणते कशालाही हात लावू नका. शाफ्टला आतून पंचने हलकेच ठोकून चार-पाच मिलिमीटर बाहेर काढा, त्याचा गिअरखालचा भाग उघडा पडेल, तेवढ्यातच काम करा आणि परत आत ढकला. मी दुसऱ्या शाळेचा. काटा उपसला की तो परत नेमक्या जागी बसवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. शिवाय शाफ्ट पूर्ण काढला तर आकड्यांची चाकं सुटी होतात, आणि ती परत ओवताना 169999 हा आकडा माझ्या हाताने मांडलेला असेल, गाडीने नाही.

शाफ्ट पाच मिलिमीटर सरकवला. पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. चिकटवायला लॉकटाइट 638 आणलं होतं, बेअरिंग आणि बुश पक्के बसवायला वापरतात ते. फेव्हिक्विकसारखं काही इथे वापरू नये. त्याची वाफ बंद जागेत तबकडीवर आणि काचेवर पांढुरकी बुरशीसारखी बसते आणि मग जात नाही. 638 ची वाफ तशी त्रास देत नाही, पण ते प्लास्टिकच्या चाकांवर ओघळलं तर त्यांना तडे पाडतं. म्हणून सुईच्या टोकावर येईल तेवढंच घेतलं. शाफ्ट परत बसवला. उद्या याच वेळी चोवीस तास होतील.

14 जानेवारी, रविवार

चाचणीसाठी ड्रिलच्या तोंडात चौकोनी तुकडा पकडला आणि मीटरच्या मागे जोडला. तबकडीवर बारीक अक्षरात W= असं लिहून पुढे एक आकडा आहे. एका किलोमीटरला केबलचे किती फेरे, तो तो आकडा. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून केबल मिनिटाला W इतके फेरे फिरली की काटा बरोबर 60 वर यायला हवा. आला. काट्याच्या बाजूने मीटर निरोगी आहे.

आकड्यांकडे डोळे लावून बसलो. अर्धे उचललेले पाचही आकडे थरथरले, एक केसभर वर गेले आणि थांबले. ड्रिल बंद केलं. भिंगातून पाहिलं तर रेघ पुन्हा तुटलेली.

15 जानेवारी, सोमवार

आज संक्रांत. आईने दिलेला तिळगुळाचा डबा घेऊन शनिवार पेठेतल्या घड्याळजी काकांकडे गेलो. वडिलांचं घड्याळ तीस वर्षं तेच बघतात. मीटर फडक्यात गुंडाळून नेलं होतं.

काकांनी डोळ्याला आयग्लास लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे कुठलं?"

"गाडीचं आहे काका. जर्मन. दात झिजलेत का हो?"

"दात शाबूत आहेत. बसणं गेलंय. भोक मोठं झालं, दांडी आहे तेवढीच राहिली." मग शाफ्टचं टोक नखाने दाखवत म्हणाले, "आणि ही बघ, आरशासारखी गुळगुळीत. चिकट कशाला धरेल? आधी दांडीला दात दे, मग चिकट दे."

घरी येऊन 638 ची माहितीपत्रिका नीट वाचली. हे रसायन हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं, पण सगळे धातू त्याला सारखे नाहीत. लोखंड, तांबं, पितळ यांच्यावर लवकर धरतं, जस्तावर हळू. थंडीत आणखी हळू. माझा गिअर जस्ताचा आणि पुण्यात रात्री गारठा. चोवीस तास पुरेसे नव्हतेच, आणि पुरले असते तरी काकांचं म्हणणं खरं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून निघताना सुचली. मीटर नेमकं 169999 वरच का अडकलं? एरवी शाफ्टला एकच चाक फिरवायचं असतं. दर दहा किलोमीटरला दोन, दर शंभराला तीन. पण 169999 चे 170000 होताना पाच चाकं एका दमात उचलायची असतात. गिअरची पकड कदाचित वर्षभर आधीपासून सुटत आली असेल. हलक्या ओझ्याला ती पुरत होती, त्या एका किलोमीटरला पुरली नाही. ज्यांचं मीटर बंद पडलंय त्यांनी आकडा बघावा. शेवटी बरेच 9 दिसले आणि आकडे अर्धवट उचललेले असले, तर केबल बदलण्यावर पैसे घालवण्याआधी हा गिअर तपासावा.

20 जानेवारी, शनिवार

दुसरा प्रयत्न.

शाफ्ट पुन्हा बाहेर काढला. जुना चिकट भाग ॲसिटोनच्या अगदी बारीक बोळ्याने पुसला. ॲसिटोन प्लास्टिकला लागलं तर ते विरघळतं, म्हणून चाकांच्या बाजूला कागदाची भिंत करून घेतली. मग शाफ्टच्या उघड्या भागावर पक्कडीचे दातेरी जबडे आवळून किंचित फिरवले, जागा बदलून पुन्हा आवळले. तीन-चार वेळा केल्यावर पोलादावर बारीक खवल्यांची नक्षी उठली. बोट फिरवलं तर कानशीसारखं लागलं. नक्षी उठली की शाफ्टचा घेर केसभर वाढतो आणि भोकात घट्ट बसतो. सगळं काम त्या केसभर वाढीवर आहे. जास्त आवळलं असतं तर ओतीव गिअर बसवताना चिरला असता, आणि तो चिरला की नवा मिळत नाही.

या गाडीचं गंमतशीर दैव आहे. इंजिन ओएम 616, आणि तेच इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, परवाना घेऊन इथे बनवलं. ट्रॅक्समध्ये बसलं, ट्रॅव्हलरमध्ये बसलं. त्यामुळे स्टुटगार्टहून नैरोबीमार्गे आलेल्या या गाडीच्या इंजिनाचं सामान मी नाना पेठेत जाऊन आणू शकतो. मीटरमधला नखाएवढा गिअर मात्र कुठल्याच पेठेत नाही.

638 चा थेंब लावला. शाफ्ट आत ढकलताना शेवटचे दोन मिलिमीटर हाताला चांगलाच विरोध झाला. पहिल्या वेळी तो नव्हता. बाहेर पडलेलं रसायन काडीने टिपून घेतलं. नवी रेघ ओढली. मीटर पुस्तकाच्या कपाटात, टेबल लॅम्पच्या उबेत ठेवलं. या वेळी सात दिवस हात लावायचा नाही.

21 जानेवारी, रविवार

हात रिकामे आहेत, तर डायरीबद्दल.

मामांनी गाडी घेतली त्या दिवसापासून डिझेलची डायरी ठेवली. निळ्या कापडी बांधणीची वही, पहिली पानं नैरोबीची. चार रकाने: तारीख, लिटर, पैसे, मीटर. शिलिंगमधून रुपयांवर आलेली डायरी मध्ये एका पानाचाही खंड न पडता चालू राहते. मामांचं अक्षर टपोरं आहे आणि मीटरच्या रकान्यात त्यांनी कधी गोळाबेरीज केली नाही. 143287 असेल तर 143287.

नोव्हेंबर 2003 मध्ये एका ओळीत 169999 येतं. पुढच्या ओळीत पुन्हा 169999, समोर प्रश्नचिन्ह. त्यानंतर रकान्यात नुसती आडवी रेघ, ओळीमागून ओळ, 2019 मध्ये गाडी मला दिली तोपर्यंत. मीटर बंद पडलं तरी तारीख आणि लिटर लिहिणं त्यांनी सोडलं नाही. त्या रेघा बघूनच मी हे काम मनावर घेतलं.

आणि त्यांनी लिटर लिहीत राहिल्यामुळेच आज हिशेब करता आला. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या दहा हजार किलोमीटरना 877 लिटर लागले होते, म्हणजे लिटरला 11.4. त्यानंतर मामांनी भरलं 1,846 लिटर, मी भरलं 164. एकूण 2,010. गुणले 11.4, म्हणजे 22,900 किलोमीटरच्या आसपास. नुसतं शहरात फिरणं धरलं (जुन्या नोंदींवरून 10.8) तर 21,700, नुसता हायवे धरला (12.1) तर 24,300. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये आहे.

घरात कालपासून एक प्रश्न निघालाय. मीटर बाहेर काढलेलंच आहे तर चाकं फिरवून मीटर 192900 वर का आणू नये? ते खऱ्याच्या जवळ तरी असेल.

मी आणणार नाही. 169999 हा आकडा गाडीने एकेक किलोमीटर चालून आणलेला आहे. 22,900 हा माझा अंदाज आहे, चांगला अंदाज आहे, पण त्याची जागा कागदावर आहे. दोन्ही एकाच खिडकीत मिसळले की पुढे कुणालाच ते वेगळे करता येणार नाहीत. अमेरिकेत याबद्दल 1972 पासून कायदाच आहे: दुरुस्तीनंतर मीटर आधीच्याच आकड्यावर ठेवायचं, ते शक्य नसेल तर शून्यावर आणायचं आणि आधीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीला लावायची. चिठ्ठीची ती कल्पना मला फार पटली. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे घेऊन देणारे उघड बसलेले असतात आणि घेणारा फसतो, ते बघून मला दर वेळी चीड येते. निदान माझ्या हातून निघालेल्या गाडीवर खरं काय ते लिहिलेलं असेल.

27 जानेवारी, शनिवार

ड्रिल जोडलं. पत्नी आणि मुलगी दोघी येऊन उभ्या राहिल्या. मुलीच्या हातात भिंग.

अगदी हळू सुरू केलं, काटा 20 च्याही खाली. पाच आकडे एकत्र हलले. 9 चं पोट वर सरकलं, शून्याचा वरचा कमानदार भाग खिडकीत आला, डावीकडे 6 ची शेपटी वर गेली आणि 7 ची आडवी रेघ खालून उगवली. पाचही एका ओळीत, एका चालीने. मग बारीकसा टक असा आवाज झाला, चाकांमधल्या लहान पिनियनांनी आपापली घरं धरली, आणि खिडकीत 170000 उभं राहिलं. वीस वर्षं दोन महिने त्या अर्ध्या किलोमीटरला.

मुलगी म्हणाली, "बाबा, रेघ तुटली नाही." मी ते विसरलोच होतो. रेघ सलग होती.

मग वेग 60 वर नेला आणि घड्याळ लावून बारा मिनिटं चालवलं. बारा किलोमीटर, 170012. ट्रिपही चालली, शेवटच्या दशांशाच्या चाकासकट. ट्रिपची कळ दाबली, चारही शून्य झाले. ही कळ गाडी चालू असताना कधीही दाबायची नाही, घरच्यांनाही सांगून ठेवलंय. फिरत्या दातांवर तो झटका जातो.

हे बारा किलोमीटर गाडी चाललेली नाही, टेबलावर चाललेत. मागे फिरवून 170000 करता आले असते. तसं केलं नाही, वहीत लिहिले.

मीटरमध्ये तेल कुठेच घातलं नाही. शाफ्टच्या दोन बुशांना मात्र काकांनी बाटलीत घालून दिलेलं घड्याळाचं तेल सुईने लावलं, एकेक टिपका. स्प्रेचं तेल मारलं असतं तर ते वाटीपर्यंत उडून काट्याची चाल बिघडली असती.

28 जानेवारी, रविवार

कन्सोल परत बसवला. ऑइलची नळी आधी, मग प्लग, केबल शेवटी. केबलला आत तीव्र वळण येऊ दिलं नाही. वळण आलं की काटा थरथरतो. इंजिन सुरू केलं, ऑइल प्रेशरचा काटा वर 3 ला टेकला, नटाखाली कोरडं. शहरात 41 किलोमीटर फिरलो. 170053.

डाव्या पुढच्या दाराच्या चौकटीला आतून चिठ्ठी लावली, वर पारदर्शक टेप:

"मीटर नोव्हेंबर 2003 मध्ये 169999 वर बंद पडले. दुरुस्ती 27 जानेवारी 2024. बंद काळात अंदाजे 22,900 किमी (डिझेलच्या नोंदींवरून). चाचणीत टेबलावर 12 किमी."

4 फेब्रुवारी, रविवार

मामांकडे वाईला गेलो. वाटेत मोजणी.

खेड शिवापूरच्या पुढे एक पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड गाठला, कडेला थांबून ट्रिप शून्य केली आणि शिरवळच्या दिशेने वीस दगड मोजले. विसाव्याला ट्रिपवर 20.2. एक टक्का जास्त. घाबरण्यासारखं नाही, कारणही ठाऊक आहे. मामांच्या वेळी 175 आर 14 टायर होते, मी 2019 मध्ये 195/70 आर 14 घातले. जुन्या टायरचा घेर हिशेबाने दोन मीटरला टेकतो, नव्याचा अडीच सेंटिमीटर कमी. चाक तेवढं लहान, म्हणून फेरे तेवढे जास्त. मीटर बरोबर मोजतंय. पुढच्या वेळी टायर मूळ मापाचे घेईन.

खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरात आरामात चढलो. सुरूर फाट्याला आत वळलो. वाईत शिरताना पंपावर 31 लिटर भरलं. मीटर 170142.

मामा आता 84 वर्षांचे आहेत. जिना उतरून खाली आले, दार उघडून बसले, चष्मा कपाळावर नेला आणि खिडकीतल्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचली, दोनदा.

"बावीस हजार नऊशे कसे काढलेस?"

"तुमच्या लिटरांवरून, मामा."

त्यांनी डायरी मागितली. मी ती सोबत आणली होती. माझी शेवटची ओळ होती तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख घातली, 31 लिटर लिहिले, पैसे लिहिले. मीटरच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबला, हात थरथरतो त्यांचा आता. 170142. मग पेन बंद करता करता विचारलं, "आणि ते टेबलावरचे बारा?"

"ते वेगळे, मामा. चिठ्ठीत आहेत."

"इथेही हवेत," म्हणाले, आणि समासात लिहिलं: टेबल, 12.